बाबांच्या जबड्याचा आवाज

प्रिय आईस,
थोरलीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत?

आम्ही मजेत. परवा जांभई देताना चिमीचा जबडा अडकला. घाबरू नकोस, डॉक्टरांनी लगेच सोडवला; फक्त आता खाताना जबडा कट्ट वाजतो. म्हणाले, "या वयात होतं. घरात आणखी कुणाला होतं का? कधीकधी रक्तातून येतं."

मला एकदम बाबांचं जेवण आठवलं. घासागणिक कट्ट! आपण हसायचो, तेही हसत म्हणायचे, "गिरणी सुरू झाली." ते गेल्यापासून तो आवाज विसरलेच होते गं.

चिमीला सांगितलं, तर रडवेली पोर खुदकन हसली. "म्हणजे हा आजोबांचा आवाज?"

पण जेवताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. आई, बाबांनाही दुखायचं का? तुला तरी कधी बोलले होते?

तुझीच,
थोरली