खांबामागची जागा

डेट्रॉईट, रविवार

रोलंड,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही.

पाडून टाकलेल्या आपल्या बेसबॉल स्टेडियमची मोजक्याच प्रतींत छापलेली, चित्रकाराच्या सहीची चित्रं तू जमवतोस आणि अंधाऱ्या कपाटात ठेवतोस. उन्हाने रंग उडतात म्हणे! आईने वृद्धाश्रमातून त्यातलं एक मागितलं, तर तू तिला झेरॉक्स पाठवलीस.

“हे काय गं, विल्मा?” ती म्हणाली. “गवत काळं? मैदानाला आग लागली होती की काय?”

तिचे आता फार दिवस उरलेले नाहीत, हे डॉक्टरांनी तुलाही सांगितलं. तू फिरकला नाहीस. झाडांना पाणी घालायला तुझ्या घराची चावी माझ्याकडे असते. काल मी तुझं सगळ्यात लाडकं, पहिल्या क्रमांकाची प्रत असलेलं चित्र उचललं आणि तिच्या खिडकीसमोर भर उन्हात टांगलं.

ती हसतच सुटली. “ती बघ आमची जागा, खांबामागे! मला निम्मा खेळ दिसायचाच नाही. तुझे बाबा वाकून बघायचे आणि मला सांगायचे. सगळं खोटं! आमचा संघ हरत असला तरी म्हणायचे, जिंकतोय, तू खा.”

हे कळलं तर तू तासाभरात इथे पोचशील, चित्रासाठी. आईला मात्र वाटेल, मुलगा आपल्याला भेटायला आला. तुझ्यामुळे तिची एवढी फसवणूक मी होऊ देणार नाही. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

नाइलाजाने तुझी बहीण,
विल्मा