सानिकाचा फोन आणि माझी घाई

औंध, शुक्रवार, संध्याकाळ

आज सकाळी यमाईला हात जोडून दुकान उघडलं आणि पहिलं काम काय केलं, तर सानिकाचा फोन गल्ल्यात टाकून कुलूप लावलं. पोर नववीत. कपडे सुचवणाऱ्या कुठल्याशा वेबसाईटनं तिच्याकडे पूर्ण उंचीचा फोटो आणि मापं मागितलेली मी तिच्या फोनवर वाचली. फोन घेताना तिला तेवढं सुनावलं, काय पाठवलंस ते मात्र विचारलं नाही. का नाही विचारलं? इतकी वर्षं बायकांचे कपडे शिवतोय, मापाच्या वहीत नावसुद्धा लिहीत नाही, नुसता नंबर. आणि माझीच पोर...

शाळा सुटल्यावर ती थेट दुकानात आली. "आबा, काय पाठवलंय ते बघा तरी!"

मी फोन काढून दिला. फोटोत तिचा निळा कुर्ता, पण दुकानातल्या पुतळ्याच्या अंगात! मापंही पुतळ्याचीच. नाव खोटं, गाव नाही, शाळा नाही.

"हिला मुंडकंच न्हाई, वळखणार कोण?"

मला हसू आवरेना. "मग काय म्हणत्यात?"

"पिवळी ओढणी घ्या म्हणत्यात. बाईला लय शोभंल."

"पुढच्या वेळी मला दाखवून पाठव."

"व्हय. आन् तुमीबी विचारून फोन घ्या. आता घेतलाय तर तुमीच घरी आणून द्या." एवढं बोलून तिनं फोन स्वतःच गल्ल्यात ठेवला आणि घरी गेली.

बापानं पोरीपुढं चूक कबूल करावी का? दोन ब्लाऊज शिवून होईस्तोवर हाच विचार. त्या बिनमुंडक्या बाईकडं बघून मधूनच हसूही येत होतं.

शेवटी आत्ता घरी येऊन फोन तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "चुकलं माझं, बाळा."