आमच्या घरी फोडणी बंद आहे

बेसा, नागपूर
गुरुवार, दुपारचे तीन

चि. सौ. रंभा हिस,
पुष्पाबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून तू काय ते ठरव.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठडा धरत जा. बीपीची गोळी तू ‘आज बरं वाटून राहिलं’ म्हणून चुकवते असं कानावर आलं, तसं करू नको. तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, ठणठणीत आहेत. सध्या ते ठेचा-भाकर घेऊन गच्चीवर जेवतात आणि खाली यायच्या आधी तिथल्याच नळावर दात घासतात. असं काहून, ते सांगायलाच हा कागद घेतला आहे.

आधी कालचं सांगते, कारण चंपतराव भाऊजी घरी आल्या आल्या तुझ्याजवळ माझी तक्रार करतील आणि ती खरी आहे. काल ते कळमन्याच्या बाजारात माल उतरवून, घरच्या बगीच्यातली संत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन आमच्या दारी आले, आणि मी त्यांले गेटवरूनच परत पाठवलं. सख्खा दीर, काटोलहून आलेला, आणि मी बिनचपलीची खाली धावत जाऊन दोन्ही हात आडवे करून उभी! वॉचमन पाहूनच राहिला. पाण्याचं विचारलं नाही, चहाचं तर नावच नको. बिचाऱ्यांनी ती पेटी तशीच वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि मागे न पाहता चालू लागले. मले भल्ली लाज वाटली वं. पण त्या संत्र्यांचा वास लिफ्टनं वर चढला असता, तर आमची सून संध्याकाळपर्यंत बाथरूमच्या फरशीवरून उठली नसती. मयुराले दिवस गेले आहेत, चौथा लागला. तुले कळवलं नाही, कारण तीन महिने कोणाले सांगायचं नाही असा नेम मीच घालून दिला होता. (तो नेम मीच कसा मोडला, ते पुढे येते.)

फोन काहून नाही केला म्हणशील. एक तर दोन खोल्यांच्या घरात मी फोनवर बोलली की मयुराले सगळं ऐकू जाते. दुसरं, मी फोन केला की तू ‘हो बाई, हो बाई’ म्हणते आणि भाजी लागून राहिली म्हणून ठेवून देते. तीस-पस्तीस वर्षं तुझी भाजी लागूनच राहिली आहे. म्हणून कागद. आमचा मोहित संध्याकाळी कळमन्याले जाऊन, भाऊजी गावाले निघायच्या आधी, हे पाकीट भाऊजींच्या हाती देईल. चिकटवून देते आहे, त्यांले फोडू देऊ नको.

तर दुसऱ्या महिन्यात पोरीले ओकाऱ्या सुरू झाल्या. मी खूश! म्हटलं, जितकी जास्त ओकारी तितकं बाळ धडधाकट. हे मले कोणी सांगितलं, आता आठवत नाही. माझं तर तुले माहीतच आहे, दोन्ही वेळा नवव्यापर्यंत भाकरी थापल्या आणि थापता थापता अर्ध्या खाल्ल्या. ज्या बाईले आयुष्यात एकदा मळमळलं नाही, ती बाई मळमळीवर सगळ्यात जास्त बोलते, हे मी आता स्वतःवरून सांगते. मी तिचे डोहाळे पुरवायले निघाली. पाटोड्या केल्या, वांग्याची भाजी केली, सांबारवडी केली. पोरगी मले सांबाराची हिरवी जुडी निवडताना पाहूनच पळाली. मी म्हटलं, काही खाल्लं नाही तर पोटात काय राहील? ती म्हणे, आई, खाल्लं तरी काही राहून नाही राहिलं. दिवसातून पंधरा-पंधरा वेळा, आणि शेवटी नुसतं हिरवं-पिवळं पाणी. मी म्हटलं, पित्त पडून गेलं, बरं झालं.

मग तिनं हात जोडून सांगितलं की फोडणीचा वास सहन होत नाही. मी शेगडी बाल्कनीत नेली. तर आमच्या बाल्कनीतला वास वरच्या माळ्यावर गेला, आणि खालच्या सिंधूताईंच्या मोहरीचा वास आमच्याकडे आला. या फ्लॅटमध्ये भिंती आपापल्या आहेत, हवा सगळ्यांची एकच. मग मले अक्कल सुचली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं की, सर्व रहिवाशांना नम्र विनंती, घरात सुनेची प्रकृती नाजूक आहे, तरी कृपया फोडणी दुपारी बारा ते एक या वेळेतच द्यावी. पाठवलं आणि चहा ठेवला. चहा उकळायच्या आत अख्ख्या बेस्याले कळलं. अभिनंदनं आली, पेढे कधी विचारलं, आणि उपाय आले एक्केचाळीस. कोणी लवंग, कोणी आवळासुपारी, एकानं तर उशाले चाकू ठेवायले सांगितलं. सिंधूताई बिचाऱ्या स्वतः वर येऊन विचारून गेल्या की, बाई, रविवारी सावजी मसाला चालेल काय, जावई येऊन राहिला. मोहित तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मयुरा बोलली, पण तिले बोलायचं त्राणच नव्हतं, त्यामुळे ते बोलणं धरता येत नाही.

आता जे लिहिते ते हसण्यावारी नेऊ नको. तिच्या पोटात फक्त एकच गोष्ट ठरत होती. फ्रीजमधलं थंडगार साधं पाणी, घोट घोट, आणि चार मुरमुरे. बस्स. त्यावर ती जगून होती. आणि मी, अक्कलवान बाई, त्या एक्केचाळीसमधला एक उपाय निवडून तिच्या पाण्याच्या बाटलीत गुपचूप आल्याचा रस आणि ओव्याचा अर्क टाकला. थोडासाच. वाटलं, पोरगी नखरे करते, कळणार नाही. तिनं घोट घेतला, आणि त्या दिवसापासून तिले पाणीही जाईना. बाटली दिसली की ओकारी. तिच्या जिवाले जो एक आधार होता, तोही मीच काढून घेतला. तिले वाटलं, पाणीच नासलं. मी दोन दिवस गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी ती बाथरूममध्ये चक्कर येऊन बसली आणि आम्ही तिले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. चोपन्नाची पोरगी अठ्ठेचाळीसवर. मग मले विचारलं, कालपासून लघवीले किती वेळा गेली? मी ओकाऱ्या मोजल्या होत्या वं, लघवी कोणी मोजते काय? बाईंनी असं पाहिलं माझ्याकडे! म्हणाल्या, तेच पाहायचं असते. सात-आठ तास लघवी झाली नाही, किंवा चहासारखी गडद झाली, किंवा दिवसभर घोटभर पाणीही ठरलं नाही, तर घरी बसायचं नाही. लघवी तपासली तर त्यात काही सापडलं. शरीर उपाशी पडलं की आपलीच चरबी जाळते, त्याची ती खूण म्हणे. मग सलाईन, विटामिनचं इंजेक्शन, ओकारी थांबायचं औषध. मी विचारलं, औषधानं बाळाले? त्या म्हणाल्या, ही औषधं आम्ही पाहूनच देतो, आणि उपाशी आईनं बाळाचं काय भलं होते, ते मले सांगा.

मी तेव्हाही म्हटलं (जीभ आहे ना), आमच्या काळी असं नव्हतं. तर त्या शांतपणे म्हणाल्या, होतं, तुम्हाले दिसलं नसेल. नाळेतून एक द्रव्य रक्तात उतरते, काही बायकांचं अंग ते सोसते, काहींचं नाही. त्यात मनाचा दोष नाही, नखरे नाही, सासूचा स्वयंपाक वाईट असंही नाही. शेवटचं ऐकून मले जरा बरं वाटलं, खोटं काहून बोलू. तेवढ्यात वॉर्डात कोणाचा तरी डबा उघडला. मयुरानं सलाईनचा हात सांभाळत दुसऱ्या हातानं ओढणी नाकाशी दाबली. ते पाहून मले काहीतरी आठवलं. ते खाली लिहिते. आता नाही.

असो. आता घरी आणलं आहे. सकाळी उठायच्या आधी गोळी, मग पडल्या पडल्या दोन मुरमुरे. दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे पाणी, तेही बर्फ करून चोखायले, कारण बाटली अजून नजरेसमोर चालत नाही. गरम काही नाही, थंड दहीभात, चमच्यानं. लोहाच्या गोळ्या बाईंनी सध्या थांबवल्या. आठवडाभरात अर्धा किलो वाढली. ओव्याचं मी तिले सांगून टाकलं. तिनं डोळे मिटले, आणि म्हणाली, मले वाटलं मी वेडी होऊन राहिली.

पण परवा दुपारी तिचे केस विंचरत होती, तर ती भिंतीकडे पाहून म्हणाली, आई, हे बाळ मले नको वाटून राहिलं. आणि लगेच रडायले लागली, म्हणे, असं वाटणारी बाई आई कशी होईल. मोहितले सांगू नका म्हणे. रंभा, मी सगळ्या लग्नांत, बारशांत सल्ले वाटत फिरणारी बाई, नुसती तिचे केस विंचरत राहिली. बाईंले विचारलं, तर त्या म्हणाल्या, फार जणींले असं वाटते, तिले एकटी सोडू नका आणि रागावू नका. मी रागावली नाही. एकटीही सोडली नाही. पण नुसतं बसून राहणं म्हणजे बोलणं नव्हे.

तर असं आहे. कागद संपत आला. भाऊजींले नमस्कार सांग, लहान असले तरी, कालच्याबद्दल.

तुझी,
पुष्पाबाई

ता. क. संत्री वॉचमनच्या घरी गेली. भल्ली गोड होती म्हणाला.

ता. क. २. खरं काम आता लिहिते. काटोलच्या घरी तुले दिवस गेले होते तेव्हा तू पदर नाकाशी धरून चुलीजवळ बसायची. मी मुद्दाम तुलेच फोडणीले बसवायची. म्हणायची, जवळ बसली की सवय होते. एकदा पाहुण्यांसमोर मी तुझा पदर ओढून खाली केला होता. तू उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही. मी भाकर थापत राहिली. पुढं तू एका लेकरावरच थांबली, तर मी साऱ्या नातेवाइकांत हसून सांगत फिरली की आमच्या रंभाले नाजूकपण फार. तुझी भाजी काहून लागून राहते, ते मले माहीत आहे. चुकलं माझं. वर मी आशीर्वाद लिहिला आहे, तो खोड आणि तिथं नमस्कार वाच.

आठ दिवस ये. डोक्याले तेल लावू नको, पावडर लावू नको, काही करून आणू नको, उपाय तर मुळीच नको. नुसती ये आणि तिच्याजवळ बस.

ता. क. ३. पाकीट बंद करत होती, तर मयुरा दारात येऊन विचारून गेली, कोणाले लिहून राहिल्या? म्हटलं, तुझ्या काकीले, तिलेही असंच झालं होतं. तिचा चेहरा एकदम बदलला वं. म्हणाली, हो काय? मग त्यांचं कोणत्या महिन्यात थांबलं? नऊ महिने आपण एका चुलीवर स्वयंपाक केला, रंभा, आणि मले माहीत नाही. तू येऊन तिले सांग. मीही तिथंच बसून ऐकीन.