पेशींची साधी वाढ

४ फेब्रुवारी, मंगळवार

बायॉप्सीचा रिपोर्ट आला! डॉक्टरीणबाई रजेवर, पण फोनमधल्या अ‍ॅपला रजा नसते. 'उजवा स्तन. नलिकांत पेशींची साधी वाढ. चुन्याचे सूक्ष्म कण. विकृत पेशी नाहीत. कर्करोग नाही.' नेति नेति! काय नाही तेवढंच सांगायचं — उपनिषद वीस वर्षं शिकवलं, कळलं आज. 'साधी वाढ' म्हणजे काय तेही शोधलं. नेहमीच्याच पेशी, जरा गर्दी करून बसलेल्या. निरुपद्रवी.

लायलला सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

कारण लिहून ठेवते. नाताळ झाल्यावर लायल म्हणाला, "सू, फेब्रुवारीत मी जातोय." बेमिजी गावाला, त्या दातांच्या डॉक्टरणीकडे. सव्वीस वर्षांचा संसार एका वाक्यात — सूत्रकारही इतके अल्पाक्षरी नसतात. मग माझ्या मॅमोग्राममध्ये सावली दिसली. "अशा वेळी सोडून जायला मी काय जनावर आहे?" भरलेली खोकी पुन्हा तळघरात गेली.

सावली आहे तोवर नवरा आहे. असा हिशेब.

९ फेब्रुवारी, रविवार

शेजारची आर्डिस चर्चमधून थेट दारात. हातात हॉटडिश — खिमा, मशरूमचं सूप, वर बटाट्याचे तळलेले गोळे. काचेच्या भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर तिचं नाव. अमेरिकेच्या या उत्तर टोकाला, डुलुथमध्ये, दुःख किती मोठं ते अशा भांड्यांवरून कळतं. माझी सहा झाली.

"प्रार्थनेच्या यादीत तुझं नाव घातलंय बरं का. रिपोर्ट?"

"अजून नाही."

लायलने माझ्या ताटात वाढलं. स्वतःच्या हाताने! दोनदा घेतलं मी.

१२ फेब्रुवारी

जेवताना लायल म्हणाला, "अ‍ॅपचा पासवर्ड मीच घालून दिला होता, सू. चार तारखेलाच रिपोर्ट वाचला मी."

मी त्याच्या ताटात आणखी वाढलं.

"रोज वाटायचं, आज सांगेल. आठ दिवस! उपकार झाले तुझे. आता जाताना मला काही वाटणार नाही."

मग आर्डिसचं भांडं घासून, पुसून, पालथं घातलं. नीटनेटका माणूस.

१४ फेब्रुवारी

लायल गेला.

दुपारी आर्डिस भांडं न्यायला आली. "बरं झालं गं बाई, देवाने ऐकलं." हसून. इथे शिवीसुद्धा हसूनच देतात. "लायलने सांगितलं सगळं. यादीतून नाव काढलंय हं तुझं. खरे आजारी लोक आहेत ना रांगेत."

उंबऱ्यातूनच वळली. कॉफी विचारायलाही सवड दिली नाही.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई रजेवरून परतल्या. फोन. पेशी निर्दोष, पण मॅमोग्राममधल्या सावलीशी जुळत नाहीत — सुई बहुधा बाजूने गेली. गुरुवारी सावलीचा तेवढा भाग कापून काढायचा, मग पाहायचं. नर्सने विचारलं, "घरी न्यायला कोण येईल? एकटीला सोडत नाही आम्ही."

लायलचं नाव सांगितलं.