नाकातली काळी खपली

३ जून १९९६
शेवगावला पोचले. पारनेरच्या स्टँडवर आई रडली. मला मात्र खिडकीची जागा मिळाल्याचाच आनंद. बारा खाटांचा दवाखाना, नर्स मी एकटीच. राहायला वरची खोली, समोर मोकळी गच्ची. स्वयंपाक आणि झाडलोट आक्काबाईंकडे. ताट वाढताना त्या म्हणाल्या, की नर्सबाई लई बारीक हाय, आमी तिला जाड करू. कंपाउंडर छगन हसला. जागा आवडली.

११ जून
श्रीमंत नावाचा ट्रक-ड्रायव्हर दाखल झाला. वय बत्तीस. दोन महिने सर्दी हटत नाही, डावा गाल सुजलाय, कपाळ ठणकतं. वर्षभरात ही तिसरी खेप. डॉक्टर सायनस म्हणाले. मी वाफ देते, नाकात थेंब सोडते. बायको मनकर्णा उशाशी बसून असते.

१५ जून
आज त्याच्या नाकातून खपली पडली. काजळीसारखी काळी. चिमट्यात धरून डॉक्टरांना दाखवली. त्यांनी लगेच रक्त नगरला पाठवलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

१९ जून
रिपोर्ट आला. एच.आय.व्ही. डॉक्टरांनी समजावलं, की अंगातली ताकद संपली की साधी बुरशीसुद्धा नाकामागच्या पोकळ्यांत घर करते, हाड खात डोळ्यापर्यंत जाते. औषध पुण्यात मिळेल. पण एकही टेम्पोवाला न्यायला तयार नाही. आक्काबाई श्रीमंतच्या खोलीत झाडू मारत नाहीत. छगन ताट दारातूनच आत सरकवतो.

२१ जून
डावा डोळा मिटलाय. टाळूवर काळा डाग. काल शेंगदाण्याएवढा होता, आज सुपारीएवढा.
मनकर्णानं माझा हात धरला. "ताई, खरं सांगा. माझंबी नाक सारखं चोंदतंय. मला पन तपासा." तिचंही रक्त काढलं.
दुपारी इंजेक्शन देताना श्रीमंतनं हात झटकला. सुई माझ्या अंगठ्यात. खोल. किती वेळ नळाखाली हात धरून उभी होते, कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, धोका कमी असतो. तीन महिन्यांनी तपासू. त्याआधी कळायचं नाही.

२६ जून
श्रीमंत गेला. अंघोळ घालायला कुणी आलं नाही. मनकर्णा आणि मी, दोघींनीच घातली.

५ जुलै
मनकर्णाचा रिपोर्ट. तोच. ती रडली नाही. गावात सांगू नका, एवढंच म्हणाली.

१४ जुलै
ताप. घसा दुखतोय. छातीवर पुरळ. साधंच असेल.

२ ऑगस्ट
सुईचं सगळ्यांना कळलंय. छगननंच सांगितलं असणार. आक्काबाई डबा जिन्यात ठेवून जातात. हाक मारली तरी वळत नाहीत.

३० ऑगस्ट
नाक चोंदलंय. डॉक्टर म्हणतात, इतक्या लवकर तसं काही होत नसतं, हवापालटाची सर्दी आहे. मलाही कळतं. तरी आरशासमोर आ करून टाळू बघते. दिवसातून दहादा. वीसदा—

२१ सप्टेंबर
रक्त दिलं. माझ्या हातानंच काढलं. दुसरं कुणी जवळ—

२५ सप्टेंबर
छगन आला. नगरचं पाकीट. हातात दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवून मागं सरला. माझ्याकडं बघत नाही. जिन्यात आक्काबाई, तोंडाला पदर लावून.
पाकीट आधीच कुणीतरी फोडलंय.
कागद ओढला. वर माझंच नाव. त्याच्या खाली तोच शब्द—