चौसष्ट टक्के इंग्रजी

२ जुलै, सकाळी ७.१०
आजपासून इंग्रजी. साधं नव्हे, अ‍ॅकॅडमिक. साधं मला येतंच. पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं गळत्या शोधल्या, आता त्यावर विद्यापीठात प्रबंध लिहायचाय. खात्याने वर्षाची रजा दिली. साहेब म्हणाले, पदवी घेऊन या, नाहीतर परत पाना घेऊन या. साहेब विनोदी आहेत.
संकल्प: रोज वीस नवे शब्द. वर्षाचे सात हजार तीनशे. एवढे इंग्रजांनाही येत नसतील.

५ जुलै
एकूण शब्द: तीन. पण अवघड होते. राहिलेले सत्त्याहत्तर रविवारी उरकतो.

९ जुलै
पहिला वर्ग. सगळे पंचविशीच्या आतले. मी शिरताच उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, शिक्षक आले. क्षणभर मलाही वाटलं. मग खऱ्या मॅडम आल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. दोन पानी निबंध दिला: तुमच्या विषयाची ओळख. पोरं लगेच खाली मान घालून लिहायला लागली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. विचार करणारी माणसं असंच करतात.

१३ जुलै
युक्ती सापडली. आधी साध्या इंग्रजीत लिहायचं, मग डिक्शनरी उघडून प्रत्येक हलका शब्द काढून जड शब्द बसवायचा. पाईपचं कॉन्ड्युइट झालं. पाणी वाया जातं, तिथे 'गोज' फार पोरकट वाटलं. 'पासेस अवे' घातलं. भारदस्त!
बायको शिलाई मशीनवर होती. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, कळलं काहीच नाही, पण जड वाटतंय. हेच तर हवं होतं.

१६ जुलै
निबंध परत आला. समासात लाल शाईने मॅडमचा प्रश्न: रोज चाळीस टक्के पाणी मरण पावतं, तर अंत्यविधी कोण करतं? त्यांनी तो वर्गात मोठ्याने वाचलाही. वर्ग हसला. नव्या विचाराला लोक आधी हसतातच.

२० ऑगस्ट
महिनाभर लिखाण नाही. कारणं: सर्दी, पाहुणे, टेबल डुगडुगणं. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालण्यात एक अख्खा रविवार गेला. पण आता टेबल अगदी पक्कं आहे.
पहिलं प्रकरण आठवड्यात द्यायचंय. मार्गदर्शक सरांनी स्वतःचे लेख वाचायला दिलेत. काय सुरेख लिहितात! त्यांच्या वाक्यांना हात लावणं म्हणजे त्यांचा अपमान. मी अपमान केला नाही. जशीच्या तशी घेतली.

२९ ऑगस्ट, दुपारी १
प्रकरण विद्यापीठाच्या कॉम्प्युटरने तपासलं. चौसष्ट टक्के! फर्स्ट क्लास! वर लिहिलंय 'सिमिलॅरिटी'. म्हणजे माझं इंग्रजी खऱ्या इंग्रजीशी एवढं जुळतं. मेहुण्याला फोन केला. सासरे आमच्याकडेच राहतात, त्यांनाही सांगितलं. त्यांनी कानाचं यंत्र लावून पुन्हा ऐकलं आणि पाठ थोपटली.

३० ऑगस्ट
मॅडमनी बोलावलं. चौसष्ट टक्के मजकूर दुसऱ्याचा आहे, असा त्याचा अर्थ निघाला. दुसरा म्हणजे सर. ते शेजारीच बसले होते. शांतपणे म्हणाले, "माझी वाक्यं मला ओळखू येणार नाहीत असं वाटलं का? स्पेलिंगच्या चुका तेवढ्या तुमच्या आहेत."
सहा सप्टेंबरला समितीपुढे पंधरा मिनिटं इंग्रजीत बोलायचं. नाही जमलं तर नाव रद्द.
घरी सांगितलं की मला प्रेझेन्टेशनचं खास आमंत्रण आहे. बायकोने मशीन थांबवलं. म्हणाली, "सरळ सांगा ना, काय झालं ते." सांगितलं. तिने कापड सुईखाली सरकवलं. मशीन पुन्हा सुरू झालं. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं.

४ सप्टेंबर
अकरा पानी भाषण पाठ. घरात तालीम. सासरे भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवतात. बायको म्हणाली, जेवताना गळतीच्या गोष्टी सांगता ना, तसं का नाही सांगत? आता हिला अ‍ॅकॅडमिक म्हणजे काय ते कसं समजवायचं? जेवताना 'मोअरओव्हर' कोण म्हणतं?

६ सप्टेंबर, दुपारी ४
पहिली पाच पानं धडाधड झाली. 'मोअरओव्हर' नऊ वेळा. सहाव्या पानाच्या जागी डोक्यात काहीच नव्हतं. रजा, खातं, साहेब, सगळं डोळ्यांपुढे आलं.
समितीतल्या वयस्कर बाईंनी हळूच इंग्रजीत विचारलं, जमिनीखालची गळती तुम्हाला सापडते कशी?
तोंडून निघून गेलं: "आय पुट रॉड. आय पुट इअर. पाईप सेज स्स्स. हिअर स्मॉल स्स्स, देअर बिग स्स्स. आय डिग देअर."
संपलं, म्हटलं. तर बाई म्हणाल्या, "अगेन?" मी टेबलावर पट्टी उभी धरून कान लावून दाखवला. सगळे पुढे झुकले. सरांनीही उठून पट्टीला कान लावला. कुणीतरी विचारलं, कधी चुकलात का? "टू टाइम्स. वन टाइम, फ्रिज सेज स्स्स." सगळे हसले. मीही हसलो. बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

८ सप्टेंबर
पत्र आलं. नाव राहिलं! बायकोने कात्री खाली ठेवली आणि हसली, किती दिवसांनी. मी लगेच म्हणालो, अकरा पानं पाठ केल्याचं फळ. तिने पत्र हातात घेऊन पुढे वाचलं. मी पहिल्याच ओळीवर थांबलो होतो. पुढे असं होतं: पहिली सात मिनिटं कुणालाच कळली नाहीत, नंतरची आठ फार आवडली. प्रबंध त्या आठ मिनिटांच्या भाषेत नव्याने लिहावा. त्याआधी इंग्रजीचा प्राथमिक वर्ग पूर्ण करावा.
मॅडमना म्हणालो, त्या वर्गाला एखादा अनुभवी माणूस हवाच असेल. त्या म्हणाल्या, हो, पहिल्या बाकावर.
उद्या सकाळी नऊला. पहिला धडा: पूर्णविराम कुठे द्यावा. हे मला चांगलं येतं, तरी एकदा नजरेखालून घालतो, कारण एखाद्या माणसाचं, माझं नव्हे, उदाहरण म्हणून सांगतो, असं होतं की वाक्य केव्हाच संपलेलं असतं, ऐकणारेही उठून गेलेले असतात, तरी तो आपला बोलतच राहतो, आणि मोअरओव्हर