पान नंबर चोवीसपासून पुढे

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
पोरगी आणि जावई येऊन गेले. नवं घर घेतलंय, आतलं वायरिंग अजून व्हायचंय. मी नकाशा मागितला. पोरगी म्हणाली, बाबा, आम्ही एक डिग्रीवाला इंजिनिअर बघितलाय.
एकतीस वर्षं लोकांच्या भिंतींवर वायर ओढतोय. शाळेत शिकलो नाही, शिडीवर शिकलो. एकाही घरात ठिणगी उडालेली नाही. आणि पोटच्या पोरीच्या घरात डिग्रीवाला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.
आवाज चढला. माझाच. ही म्हणाली, शेजारी ऐकतात. ऐकू देत.
शेवटी पोरीनं अट घातली. ती दोघं सहा आठवडे ट्रेनिंगला बाहेर आहेत. तिचा मनी प्लांट आमच्याकडे राहणार. आठवड्यातून एकदा पाणी, बस. कसलीही सुधारणा न करता तो सांभाळला, तर वायरिंग माझं. सुधारणा कसली, असं मी विचारलं. तिनं सायकलच्या ब्रेकची आठवण काढली. ते ब्रेक उत्तम झाले होते. रस्ता उताराचा होता.
अट मान्य. सतरा मार्चला निकाल.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
पाहणी. कुंडी बाहेरच्या खोलीत कपाटावर. एकच वेल, लांबी ३ मीटर ४२ सेंटिमीटर. पानं ४७. कपाटावरून लोंबते, जमिनीवर येऊन वेटोळं घालते. अशी वायर माझ्या हाताखालच्या कोणी सोडली असती, तर त्याला आल्या जिन्यानं परत पाठवला असता.
पोरीला शिस्त मी शिकवली. ही शिस्त.

५ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. सुधारणा करायची नाही, शब्द दिलाय. पण मांडणी म्हणजे सुधारणा नव्हे.
खडूची दोरी ताणून कपाटापासून दाराच्या चौकटीपर्यंत आडवी रेघ मारली. लेव्हल लावून बघितली, बुडबुडा बरोबर मधोमध. पुढे चौकटीच्या कडेनं काटकोनात खाली. वेल त्या रेघेवर धरली आणि दर पंधरा सेंटिमीटरला एक केबल क्लिप ठोकली. कोपऱ्यावर वेल गोल वळू बघत होती. चालू दिलं नाही. नव्वद अंश म्हणजे नव्वद. तिथे दोन क्लिपा, घट्ट. कर्र असा बारीक आवाज आला. भिंतीचा असावा.
प्रत्येक पानाच्या मागे नंबर चिकटवला. एक ते तेवीस आडव्या भागात, चोवीस ते सत्तेचाळीस उभ्या.
ही म्हणाली, पोरीनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी हात कुठे लावला? हातोडी लावली.
लांबून बघितलं तर भिंतीवर हिरवी केबल. सुरेख.

१० फेब्रुवारी
चोवीस नंबरचं पान मान टाकून आहे. नव्या जागेची सवय नसणार. पाणी दुप्पट केलं.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६.००
चोवीस ते सत्तेचाळीस सगळी पानं लोंबकळली. एक ते तेवीस टवटवीत. वहीत तक्ता आखून प्रत्येक पानाची नोंद केली. नोंद चोख असली की कारण आपोआप सापडतं.
कारण सापडलं. दाराची चौकट स्वयंपाकघराच्या समोर येते. तळणाचा धूर. हिला म्हणालो, तळण कमी कर. ती म्हणाली, उद्यापासून तुम्हीच करा, म्हणजे धूर कुठून निघतो तेही बघायला मिळेल. घरात सहकार्य शून्य.

१५ फेब्रुवारी
नर्सरीत गेलो. नर्सरीवाला म्हणाला, झाड घेऊन या. मी म्हणालो, ते भिंतीला फिक्स आहे. तो म्हणाला, साहेब, ही वेल तशी चिवट, मारायलासुद्धा कष्ट घ्यावे लागतात. मी म्हणालो, कष्टाला मी कमी पडणाऱ्यातला नाही. त्यावर तो हसला, त्याची बायको हसली, कुंड्या रंगवणारा म्हातारा पण हसला. गिऱ्हाइकाशी वागायची ही रीत? पुन्हा त्या नर्सरीची पायरी चढणार नाही.
जाता जाता त्यानं मागून ओरडून सांगितलं, पाणी कमी करा. मी पाणी किती घालतो ते याला न सांगता कसं कळलं? अंदाजपंचे बोलतात लोक.

१९ फेब्रुवारी, दुपारी ४
आज मन प्रसन्न. शाळेतून बोलावणं आलं होतं. लांब व्हरांडा, ओळीनं चौदा दिवे. पहिले आठ लागतात, पुढचे सहा बंद. तिथे एक डिग्रीवाला हजर होताच. म्हणाला, सगळी लाइन काढून नवीन टाकावी लागेल. उंटावरचा शहाणा.
मी स्टूल मागवलं. सगळ्यांसमोर सांगितलं, शेवटचा जिवंत दिवा आणि पहिला मेलेला दिवा, दोष या दोघांच्या मध्ये. पुढेही शोधू नका, मागेही शोधू नका. आठ आणि नऊच्या मध्ये बघितलं. कोण्या गाढवानं वळणावर क्लिप इतकी ठोकली होती की आतली तार चेपून तुटलेली. दहा मिनिटांत सहाही दिवे लागले. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, तुम्ही आधीच यायला हवं होतं.
हीच पद्धत मी पोरीला ती नऊ वर्षांची असताना शिकवली. स्टुलावर उभी करून, हातात टेस्टर देऊन. तिला सगळं पाठ होतं. आता म्हणे डिग्रीवाला.
घरी आलो. चोवीसपासून पुढे सगळं पिवळं. तेविसावं पान तर कालच्यापेक्षा जास्त हिरवं दिसतं, जणू मला खिजवतंय. आता नक्की कळलं, प्रकाश कमी पडतो. उभ्या भागासमोर शंभरचा बल्ब लावला, पानांपासून बरोबर वीस सेंटिमीटरवर.

२४ फेब्रुवारी
पानांच्या कडा पापडासारख्या झाल्या. बल्ब निकृष्ट निघाला. एकतीस नंबर गळून पडलं. पाकिटात घालून तारीख लिहिली.
नेमका आजच मेहुणा टपकला. भिंतीसमोर उभा राहून विचारतो, भावोजी, वेलीला अर्थिंग दिलंय का? चहा पाजला नाही. ही आतून हसत होती. भाऊ-बहीण एकाच माळेचे मणी.

२ मार्च
पोरीचा फोन. वेल कशी आहे? मी म्हणालो, पहिली तेवीस पानं एक नंबर. खोटं बोललो नाही. मी कधीच बोलत नाही. तिनं विचारलं, तेवीसच का? फोनची रेंज गेली. म्हणजे मी घालवली.
चोविसाव्याच्या पुढे आता नऊ पानं उरली आहेत.

८ मार्च
ही म्हणते, भिंतीवरून काढा तिला, घुसमटते बिचारी. क्लिपा काढल्या तर भिंतीला भोकं दिसतील, ती कोण बुजवणार? त्यावर ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग दिवसभर अबोला. माझ्या बाजूनं. तिच्या ते उशिरा लक्षात आलं, त्यामुळे दोन तास वाया गेले.

१४ मार्च
उभा भाग पूर्ण मोकळा. पान एकही नाही. देठ तपकिरी. ओलावा टिकावा म्हणून देठाला वरपासून खालपर्यंत हिरवी इन्सुलेशन टेप गुंडाळली. कुठेही सुरकुती नाही. लांबून काही कळत नाही. जवळून बघायची कोणाला काय गरज?

१६ मार्च, सकाळी
उद्या येतात. निवेदन तयार केलं. तोंडपाठ आहे.
एक, तेवीस पानं सुस्थितीत, म्हणजे ४९ टक्के. दोन, धूर. तीन, खिडकी चुकीच्या दिशेला. चार, निकृष्ट बल्ब. पाच, वेलीची जातच कमकुवत. सहा, घरचं असहकार्य. सहावा मुद्दा हिच्या समोर मांडायचा नाही.
नव्या घरासाठी वायरची यादीपण करून ठेवली. स्विचबोर्ड जमिनीपासून नेमका किती उंच, तेही लिहिलं. पोरीची उंची मला पाठ आहे.

१७ मार्च, दुपारी ३
पोरगी आली. एकटीच. निवेदन करायला उभा राहिलो, तिनं हातानंच थांबा म्हटलं. रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.
आतून स्टूल आणलं. तेच, तिच्या लहानपणीचं. वर चढली आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत, मागचे नंबर वाचत निघाली. कोपऱ्यावर थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, बाबा, तेविसावा दिवा लागतो, चोविसावा लागत नाही. दोष कुठे?
एकतीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, दोघांच्या मध्ये.
ही टोमणा न मारता चहा टाकायला गेली, आणि ही संधी तिनं सोडावी म्हणजे काय ते समजून घ्यावं.
पोरीनं माझ्याच पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन कोपऱ्यावरच्या दोन्ही क्लिपा उचकटल्या. खाली देठ कागदासारखा चपटा. काळा.
क्लिपा सरळ रेषेत होत्या. हे मी म्हणालो नाही.
उरलेल्या सगळ्या क्लिपा तिनं एकेक करून सोडवल्या, तेवीस पानं मोकळी केली. टेप गुंडाळलेला भाग बाजूला ठेवला. हसली नाही. उलट म्हणाली, टेप मात्र छान गुंडाळलीत. कौतुक एवढं झोंबतं हे माहीत नव्हतं.
वायरिंगचं काय, असं विचारायला तोंड उघडत होतो. तीच म्हणाली, बाबा, नव्या घरात तुमच्यासाठी काम आहे. मी वही उघडली, पेन्सिलीला टोक होतंच. ती म्हणाली, या कुंडीसाठी एक खुंटी ठोकायची आहे.
लिहून घेतलं. खुंटी, नग एक.
कुठे ठोकायची, असं विचारलं. ती म्हणाली, भिंतीवर मी खूण करून ठेवीन.

१८ मार्च, सकाळी ६.१०
कुंडी गेली. भिंतीवर बावीस भोकं आहेत, सरळ रेषेत.
जाताना पोरीनं वेलीचा तीन पानांचा तुकडा कापून पाण्याच्या बाटलीत ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथे सगळा धूर जातो तिथे. हिला म्हणाली, आई, याच्याकडे तूच बघ.
बाटली खिडकीच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर डावीकडे आहे. मोजलं. लांबून.